ओ देणारे गाव

त्या मुलखात घरांना पाय होते, गावांना नव्हते. घर सकाळी एका गावी असे, दुपारी दुसऱ्या. मात्र गावाने आपलेसे केल्याशिवाय घराला ना पाणी मिळे, ना निरोप.

पूर्वी घरधनी स्वतः खाली उतरे, चार माणसांना विचारी, आणि गावाने मुक्कामापुरते दिलेले ठिकाण खडूने चौकटीवर लिही. एक अक्षर चुकले की घर दिवसभर कोरडे. लोक कंटाळले आणि घरोघर हाकारे ठेवले गेले. हाकाऱ्या उंबऱ्यातच बसे. घर थांबले की आजवर मुक्काम केलेल्या गावांची नावे तो ओळीने पुकारी, आणि ज्या नावाला ओ येई त्या गावासाठी दार उघडी. पुढचे सारे तोच पाही. त्याच्या कानांना फक्त होकार ऐकू येई. नकार त्याला कोणी शिकवलाच नव्हता. आयते मिळू लागल्यावर तक्रार कोण करतो? खडू कुठे ठेवला होता, हेही लोक विसरून गेले.

वेणूबाईंची लेक मथुरा पहिलटकरीण होती. ती आपल्या घरासकट बाळंतपणाला आईकडे निघाली होती, आणि दोघींनी सातविहिरी गावी भेटायचे ठरवले होते. भर दुपारी वेणूबाईंचे घर एका माळावर थांबले. हाकाऱ्याने पहिलेच नाव घेतले, ‘सातविहिरी’, आणि ते पुरते उच्चारण्याआधीच बाहेरून ओ आली. दार उघडले, घागर भरली. वेणूबाईंनी लगेच निरोप धाडला: “आलीस का गं? ये. मी वाट बघतेय.” उत्तर आले: “आलेच, आई.”

दोन दिवस असेच निरोपांवर गेले. त्यांनी काहीही सांगितले की मथुरेचे हो. डिंकाचे लाडू खा म्हटले, हो. उन्हात चालू नको म्हटले, हो. तिसऱ्या दुपारी वेणूबाईंना शंका आली. त्यांच्या लेकीने जन्मात कधी आईचे पहिल्या फटक्यात ऐकले नव्हते. शिवाय सात विहिरींच्या गावात एकाही रहाटाची कुरकुर नव्हती.

त्या हाकाऱ्यापाशी गेल्या. “आणखी एक नाव पुकार. लाडूपूर.”

“ते आपल्या यादीत नाही, बाई.”

“घाल यादीत.”

लाडूपूर कुठेच नव्हते. मथुरा पाच वर्षांची असताना भातुकलीत दोघींनी ते वसवले होते, आणि त्यांच्याखेरीज ते कोणालाच ठाऊक नव्हते. हाकाऱ्याने पुकारले.

“ओ,” बाहेरून आले. “इथेच. या.”

वेणूबाई फार भ्याल्या. तरी कित्येक वर्षांनी त्या पायरी उतरून खाली आल्या. माळावर शेकडो घरे रिंगण करून उभी होती, सगळ्यांची दारे आत वळलेली आणि सताड उघडी. मधे नुसती तापलेली माती होती. शेजारच्या उंबऱ्यात एक म्हातारे गृहस्थ निरोप वाचत समाधानाने बसले होते.

“काका, हे गाव कुठलं हो?”

“आंबेतळं. आमचं नेहमीचं.”

पलीकडची बाई हसली. “काहीतरीच काय, काका. ही नदीवेस आहे. माझं माहेर. आत्ताच आईचा निरोप आला.”

मग वेणूबाईंना क्षितिजावर एक लहानसे घर दिसले. अवघडलेली बाई चालते तसे ते जपून पावले टाकत होते. माळाच्या कडेला येऊन ते थांबले. त्याच्या हाकाऱ्याचा आवाज कोवळा होता, नवा होता. तो एकेक नाव घेऊ लागला.

“येऊ नकोस,” वेणूबाई ओरडल्या. “मथुरे, इथे कोणी नाही. मागे फिर.” हाकाऱ्याने मानही वळवली नाही. त्या अनवाणी धावत सुटल्या, नको, नको म्हणत राहिल्या, आणि तो शांतपणे पुढचे नाव पुकारत राहिला.

“सातविहिरी?”

रिंगणाच्या मधल्या रिकाम्या मातीतून उत्तर आले. आवाज वेणूबाईंचाच होता.

“आलीस का गं? ये. मी वाट बघतेय.”

लहानग्या घराने पाऊल उचलले, आणि चालता चालताच त्याची कडी निघाली.