जल, नीर, उदक

मेळघाटातल्या एका शाळेत सगळी पोरं घरी कोरकू बोलत. मराठी त्यांना शाळेतच ऐकायला मिळे. म्हणून भोंडे गुरुजी रोज एक तास वर्गातच बाजार मांडत. पोरं मराठीत भाव विचारत, घासाघीस करत. त्यामुळे खऱ्या बाजारात त्यांना कुणी फसवत नसे.

शाळा तपासायला आलेले दिपोटी साहेब मात्र तडकले. "हा बाजार परीक्षेत आहे का? परीक्षेत समानार्थी शब्द येतात, तेवढेच शिकवा. पुढच्या वर्षी बाजार दिसला तर नोकरी गेली म्हणून समजा!"

गुरुजींना वाद घालायची सवय नव्हती. "जशी आज्ञा," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या वर्षी साहेब भर उन्हात घाट चढून आले. घशाला कोरड पडली होती. दारातच टेकून म्हणाले, "पोरांनो, पाणी!"

अख्खा वर्ग उभा राहून ओरडला, "जल, नीर, उदक!"

"अरे, तहान लागली आहे मला!"

"तृषा, तृष्णा!"

"भोंडे, ही काय थट्टा चालवली आहे?"

"चेष्टा, मस्करी, विनोद!" वर्ग गरजला.

गुरुजींनी हात जोडले. "साहेब, एकही उत्तर चुकलेलं नाही. पाणी आणून देणं तुमच्या परीक्षेत नाही, म्हणून आम्ही ते शिकवलं नाही."

मग त्यांनी स्वतः तांब्या पुढे केला. साहेबांनी तो एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या आणि तपासणीच्या वहीत लिहिलं, 'यापुढे मराठीची परीक्षा बाजारात घ्यावी.'