दांड्याकडची बाजू

"पण तिला झालंय तरी काय, बुवा?"

पद्माकरराव मायदेव बसल्या जागेवरून पुन्हा उठले. मठाच्या दारापर्यंत गेले, बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोकडे पाहून परत आले. हातातल्या किल्ल्या सारख्या वाजत होत्या.

येसबुवा चिमट्याने धुनीतली राख सारखी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बस की जरा."

"बसवत नाही. रविवारी पुण्यात प्रदर्शन आहे. एवढं मोठं आजवर झालं नव्हतं. आणि ही म्हणते, मी येणार नाही. यापुढे कधीच येणार नाही. कारण विचारलं तर गप्प. तुमचं ऐकते ती. तुम्ही सांगा तिला."

"कसलं प्रदर्शन?"

बुवांना ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण एवढं विचारलं की पद्माकररावांची कळी खुलते, हेही ठाऊक होतं.

"व्हॅक्यूम क्लीनर! हातानं चालवायचे!" पद्माकररावांच्या किल्ल्या खिशात गेल्या, कारण आता हात मोकळे लागणार होते. "घरोघरी वीज पोचायच्या आधी माणसानं धूळ ओढायची यंत्रं केली, बुवा. कुणी लोहारासारखा भाता लावला, कुणी सायकलच्या पंपासारखा दट्ट्या, कुणी चाक. टेम्पोत आहे ते तर लाखात एक. भंगारवाल्यानं त्याच्यावर कुंड्या मांडल्या होत्या! मी लांबून ओळखलं. भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लेलं, ते मी नवं चढवलं. लाकडी पेटी, आत दोन भाते, वर लांब दांडा. दांडा पुढे-मागे केला की नळी धूळ ओढते. कुणी बनवलं, कधी बनवलं, कुठून कुठं गेलं... काय हवं ते विचारा."

"दांडा कुणी मारला?"

"अं?"

"बनवला कुणी ते तुला ठाऊक. दांडा कोण मारायचं?"

"कुणीतरी मारत असेल. एकट्याचं काम नाही हे. एक दांडा मारतो, दुसरा नळी फिरवतो. जुन्या जाहिरातींत बाई नळी धरून हसत असते. दांड्याला असेल एखादी मोलकरीण. चित्रात ती नसते."

"आणि तुझ्या यंत्राला?"

पद्माकरराव थांबले.

"कुमुद."

...

बाहेर टेम्पोवाल्याने तंबाखू मळून टाळी दिली.

"दांड्याला माणूस ठेवतो म्हणालो मी तिला," पद्माकरराव म्हणाले. आवाज जरा उतरला होता. "म्हणाली, ठेवा. एवढंच. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून जिवाला चैन नाही. मला माणूस नकोय, बुवा. ती मागं नसली तर माझं बोलणंच जमत नाही लोकांपुढं."

"हे तिला सांगितलंस?"

"त्यात सांगायचं काय?"

बुवांनी चिमटा खाली ठेवला.

"आण ते यंत्र आत."

पद्माकररावांनी आणि टेम्पोवाल्याने पेटी आत आणली. "दरवाजा, दरवाजा!" "डावीकडून घ्या!" असा आरडाओरडा चालला होता. त्या गोंधळाने कुमुदताई मठाच्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. महाप्रसादाची मेथी निवडत होत्या. बोटं हिरवी झालेली. पेटी पाहिली आणि त्या दारातच थबकल्या.

"काय गं माय," बुवा म्हणाले, "कशाला छळतेस याला?"

"मी कशाला छळू, बुवा?" त्यांनी पदराला हात पुसले. "मला फक्त भिंती पाठ झाल्यात."

"कसल्या भिंती?"

"या पेटीचा दांडा एका अंगाला आणि नळी दुसऱ्या. दांडा मारायचा तर दाखवायला अंथरलेल्या जाजमाकडं पाठ करूनच उभं राहावं लागतं. नाशिकला समोर हिरवी भिंत होती. साताऱ्याला पोपडे आलेली. कोल्हापूरला एक कॅलेंडर होतं, तेही गेल्या सालचं. मागं हे बोलतात, लोक वाहवा करतात, टाळ्या वाजवतात. इतकी वर्षं झाली, टाळ्या कशाला पडतात ते मी अजून पाहिलेलं नाही."

"अगं, मग बोलायचंस!" पद्माकरराव उसळले. "मी काय नको म्हणालो असतो?"

"बोलले होते. साताऱ्याला. तुम्ही म्हणालात, कुमुद, थांबू नकोस, ओढ कमी होते."

पद्माकररावांनी खिशातून किल्ल्या काढल्या, परत ठेवल्या. सातारा त्यांना आठवत होता. टाळ्या छान पडल्या होत्या.

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. नळी उचलली आणि कुमुदताईंच्या हातात दिली.

"मला नाही येत हो हे."

"मला तरी कुठं येतं?" बुवा म्हणाले. मग पद्माकररावांकडे वळले आणि नुसतं बोटानं दांडा दाखवला.

"मी?"

बुवांचं बोट तिथंच होतं.

"हॅ, यात काय आहे!" पद्माकररावांनी घड्याळ काढलं, बाह्या सारल्या. "भात्यांना नवं कातडं मीच चढवलंय. लोण्यासारखा चालतो दांडा." ते पेटीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. समोर मठाची भिंत होती. चुन्याची, एका कोपऱ्यात ओल आलेली.

त्यांनी दांडा ओढला, ढकलला, ओढला. पेटीतून धापा टाकल्यासारखा आवाज येऊ लागला.

धुनीभोवती एक जाजम होतं. कोण्या भक्ताने कधीकाळी घातलेलं. झटकायला उचलावं तर जुनं कापड फाटेल, म्हणून उचललं नव्हतं. त्यावर इतक्या वर्षांची राख बसली होती की त्याचा रंग राखाडीच असणार, असं सगळे धरून चालले होते.

कुमुदताईंनी भीत भीत नळीचं तोंड त्यावर टेकवलं आणि पुढं सरकवलं.

...

"अगं बाई!"

"काय झालं?" भिंतीकडं तोंड करून पद्माकरराव ओरडले. "काही तुटलं का?"

टेम्पोवाला पुढे सरकला. स्वयंपाकघरातली बाई हातात झारा घेऊन दारात आली.

"अरे, काय झालं?"

त्यांनी मान वळवली. पण दांड्याला हात तोकडा पडत होता. अंग वळवलं तसा दांडा सुटला, भाते गप्प झाले.

"अहो, थांबू नका ना!" कुमुदताई म्हणाल्या. "ओढ कमी होते."

त्या रागाने म्हणाल्या नव्हत्या. त्यांचं लक्षच नव्हतं नवऱ्याकडे. नजर जाजमावर होती आणि ओठ हसत होते. पण त्यांच्या अंगाआड पद्माकररावांना जाजम काही दिसलं नाही. दिसला तो फक्त तो चेहरा... आणि ते पुन्हा भिंतीकडं वळले.

दांडा चालू झाला. आता तो लोण्यासारखा चालत नव्हता. खांदा भरून आला, सदरा पाठीला चिकटला. समोरच्या ओलीचा आकार आधी घोड्यासारखा वाटत होता, मग मडक्यासारखा वाटू लागला. मागे कुणीतरी "वा!" म्हणालं. कुणीतरी टाळी वाजवली.

"निळं आहे हो!" कुमुदताईंचा आवाज आला. मुलीसारखा चढलेला. "बुवा, जाजम निळं आहे! आणि कडेला वेल आहे... पानं आहेत बघा, पानं!"

पद्माकररावांचे हात चालत होते. मान मात्र एका जागी राहत नव्हती.

"कुमुद," त्यांनी धापा टाकत विचारलं, "कसलं निळं? गडद की... फिकं?"

कुमुदताईंना ऐकू गेलं नाही. त्या पुढच्या पट्ट्यावर गेल्या होत्या.

"बुवा, एकदाच बघतो. एकदाच... मग पुन्हा मारतो."

येसबुवा त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. जाजमाकडे पाठ करून, त्याच भिंतीकडे बघत.

"मार तू," बुवा म्हणाले. "ती बघतेय."