बोरखेड्याच्या पंचांची वाचा बसली

गोदाकाठच्या बोरखेडे गावी शांतवन महाराजांचा मुक्काम पडला, तेव्हा येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीचा उपवासकाळ संपत आला होता. महाराज प्रभू येशूचे भक्त. वीणा घेऊन गावोगाव ख्रिस्तकीर्तन करीत. बोरखेड्याच्या ख्रिस्ती मंडळीतल्या तबिथाबाईची त्यांच्यावर मोठी श्रद्धा. ही विधवा बाई आजाऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करी, आणि त्या प्रार्थनेने जिवाला उभारी येते असे लोक सांगत.

एके दिवशी तिने मंडळीचे मुख्य पंच याकोबराव त्रिभुवन यांच्यापुढे हात जोडले. "पुनरुत्थानाच्या सकाळी मला दोन शब्द बोलू द्याल का?"

याकोबराव हसले. "बाईमाणसानं उभं राहून पुरुषांना शिकवायचं? तुम्ही सतरंज्या घाला, चहाचं बघा."

बाकीचे पंचही हसले. तबिथाबाई खाली मान घालून निघून गेली.

हे कानावर येताच महाराज वैतागले. "याकोबा, हेच सांगून सांगून माझी जीभ झिजली. प्रभू कबरेतून उठले ते आधी कोणाला भेटले? मग्दालाच्या मरियेला. उठल्याचा निरोप कोणाकडे दिला? तिच्याकडेच. शिष्य तेव्हा दाराला कडी घालून बसले होते."

"महाराज, ती गोष्ट वेगळी."

"प्रत्येक गावात ती वेगळीच असते," महाराज म्हणाले आणि कपाळाला हात लावून बसले.

सणाची पहाट झाली. रिवाजाप्रमाणे सगळे कबरस्तानात जमले. याकोबरावांची आई लोईसआजी शेवटच्या दुखण्यात होती. प्रभू उठल्याची वार्ता एकदा ऐकायची आणि मग डोळे मिटायचे, असा तिचा हट्ट. म्हणून तिला खाटेसकट उचलून आणले होते.

वार्ता सांगायला याकोबराव पुढे झाले. तोंड उघडले, पण शब्द फुटेना. घसा खाकरून पाहिला, पाणी प्याले; काही उपयोग नाही. त्यांनी शेजारच्या पंचाला खूण केली. त्याचीही वाचा बसलेली. एकेक करून सगळे पंच उभे राहिले आणि मुकाट्याने खाली बसले.

"याकोबा," खाटेवरून क्षीण आवाज आला, "उठला का रे प्रभू?"

याकोबरावांचे ओठ नुसतेच हलले. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आई वाट पाहत होती. त्यांनी महाराजांपुढे हात जोडले.

"माझ्याकडे काय बघतोस?" महाराज त्रासून म्हणाले. "जिनं सांगायचं तिला तूच गप्प बसवलंस. जा, तिला घेऊन ये."

याकोबराव बायकांच्या घोळक्यापाशी गेले आणि तबिथाबाईसमोर हात जोडून उभे राहिले. ती आधी कचरली. मग उठून खाटेशी बसली आणि तिने म्हातारीचा हात हातात घेतला.

"आजी, प्रभू उठलाय. कबर रिकामी आहे."

"खरंच उठलाय," आजी म्हणाली. तिचा चेहरा निवला.

"खरंच उठलाय," याकोबरावांच्याही तोंडून निघाले, आणि गेलेली वाचा परत आल्याचे त्यांच्या ध्यानात आले. धावत येऊन ते महाराजांच्या पायांवर पडणार, तोच महाराजांनी पाय मागे घेतले.

"अरे बाबा, अजून कळलं नाही का? तिकडे जा."

सगळ्या मंडळीदेखत याकोबरावांनी तबिथाबाईपुढे डोके टेकवले. "बाई, मी चुकलो. पुढचं तुम्हीच सांगा," असे म्हणून ते आईच्या खाटेला टेकून मातीतच बसले आणि ऐकू लागले.