सगुणा परटिणीचे तान्हे

त्या वर्षी श्रीकोंडाजी महाराज निंबधार गावी मारुतीच्या देवळात उतरले होते. सगुणा परटीण रोज दर्शनाला येई. पण बाळंत झाल्यापासून बिचारी पायरीखालीच उभी राही. पदराखालचे वीस दिवसांचे बाळ जन्मल्या दिवसापासून पाण्यासारखे जुलाब करीत होते. दूध प्यायले की वाहिले! एक लंगोट वाळत घालावा, तोवर दुसरा भिजलेला. बाळाची टाळू खोल गेली होती, रडण्यातला जोरही सरला होता.

गावचे वैद्य त्र्यंबकशास्त्री उपरणे सावरीत म्हणाले, "सगुणे, परटाच्या घरी देवाने धुणेच पाठवले की! लांब हो, सोवळे मोडेल माझे."

मंडळी हसली. सगुणेला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तोच महाराज स्वतः पायऱ्या उतरले. त्यांनी बाळ मांडीवर घेतले आणि बाळाने क्षणात छाटी भिजवली!

"वा! आज दोनदा स्नान घडले," महाराज हसले. मग बाळाच्या पोटावरून हात फिरवीत हलकेच म्हणाले, "आधीची दोन अशीच गेली ना, माय?"

ती दोन्ही माहेरी झाली, तिथेच गेली. या गावात कोणालाच ठाऊक नव्हते. सगुणेने हंबरडा फोडला.

"तुझे दूध अमृतच आहे. पण ते पचवण्याची शक्ती या आतड्याला जन्मतःच नाही. आजपासून दूध बंद. तांदळाची पेज गाळून, कणभर मीठ घालून पाज."

"तान्ह्याला पेज!" शास्त्रीबुवा खो खो हसले. "महाराज, मठात किती पोरे वाढवलीत?"

महाराजांनी तिथेच चूल मांडली, पेज शिजवली आणि कापसाच्या वातीने थेंब थेंब पाजली. बाळ छातीला झोंबे, सगुणेला पान्हा दाटे; दातांत पदर धरून ती रडे, पण तिने आज्ञा मोडली नाही.

चौथ्या दिवशी देवळापुढे गाव जमला, शास्त्रीबुवा बाळाला तपासायला आले. लंगोट कोरडा!

"हिने आत्ताच बदलला असणार," म्हणत, सोवळे विसरून, त्यांनी बाळ मांडीवर घेतले आणि दबा धरून बसले. बाळ पेज प्यायले, ढेकर देऊन झोपले. शास्त्रीबुवांच्या पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली. पण हलायची सोय नव्हती. दुपार टळली आणि मांडीवर ऊब पसरली.

"पाहा! मी म्हणत नव्हतो?" त्यांनी लंगोट सोडला, निरखला, हुंगलाही. चेहरा पालटला, डोळे भरून आले. "सगुणे... अगं, तुझे लेकरू नुसते मुतले गं!"

बाळ तिच्या ओटीत घालून त्यांनी महाराजांपुढे लोटांगण घातले.

"माझ्या काय पाया पडता?" महाराज म्हणाले. "तीन दिवस जी स्वतःच्या पान्ह्याशी झगडली, तिच्या पडा."

आणि साऱ्या गावादेखत शास्त्रीबुवा वळले, परटिणीपुढे वाकले.