वाचनालयाची किल्ली

नदीकाठच्या एका गावात एक वाचनालय होतं आणि त्याच गावात वैजयंता नावाची एक मुलगी होती. दोघांची गाठ मात्र कधी पडली नव्हती.

वैजयंता दहावीची परीक्षा देऊन नुकती मोकळी झाली होती. त्या सुट्टीत विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागानं तालुक्यातल्या शाळांतून दहा मुलं निवडली, त्यांत वैजयंताही होती. महिनाभर संशोधनाची उमेदवारी करायची. पहिले पंधरा दिवस आपल्याच गावात चाळीस घरी जाऊन प्रश्न विचारायचे. ज्याचं काम चोख, त्यानं पुढचे पंधरा दिवस विद्यापीठात राहून शिकायचं. वैजयंतानं तर पिशवीसुद्धा भरून ठेवली होती, इतकी तिला घाई.

विषय होता गावातलं वाचन. विभागाच्या नलावडे मॅडमनी मुलांना बजावलं, "लोक सांगतील ते लिहा. डोळ्यांना दिसेल तेही लिहा. पदरचं काही घालू नका."

सोपं होतं की! वैजयंता फॉर्मांचा गठ्ठा घेऊन निघाली. पण विद्यापीठाची चौकशी येणार ही बातमी तिच्या आधीच घरोघर फिरून आली होती. पहिलं घर सुगंधाकाकूंचं.

"काकू, तुमच्याकडचं कुणी वाचनालयात जातं का?"

"जातो की! सगळेच जातो."

"कधी जाता?"

"सवड मिळेल तसं. तू आधी चहा घे बघू."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच, वर पोहे. गेनूतात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं माणूस ते आवाजावरून ओळखायचे. तेही छाती काढून म्हणाले, "मी रोज पेपर वाचून येतो, लिही!"

लिहिलं बिचारीनं. संध्याकाळी परतताना ती वाचनालयावरून गेली. दाराला गंजलेलं कुलूप. कडीला कुणाची तरी शेळी बांधलेली. पायऱ्यांवर कुरडया वाळत घातलेल्या. वैजयंता बराच वेळ बघत उभी राहिली. अख्खं गाव आत जातं, मग जातं तरी कुठून? खिडकीतून? तिनं खिडकीही पाहिली. तिला गज होते.

सांगतात एक आणि दिसतं भलतंच. मॅडम तर दोन्ही लिहा म्हणाल्या होत्या! तिचं डोकं पार चक्रावलं. वाटलं, आपल्यालाच प्रश्न नीट विचारता येत नाही. उद्या विद्यापीठात कोण उभं करणार आपल्याला?

अशी एकोणचाळीस घरं झाली. चाळिसावं तिचं स्वतःचं.

तिचे वडील दिगंबरअण्णा पिठाची गिरणी चालवायचे, आणि वाचनालयाचे चिटणीसही तेच. किल्ली देवघराशेजारच्या खुंटीवर असायची. दर खंडेनवमीला अण्णा ती गिरणीच्या पान्यांशेजारी पाटावर मांडत, हळदकुंकू वाहत, फूल ठेवत, आणि पुन्हा खुंटीवर अडकवत. सात वर्षं हा नेम चुकला नव्हता.

वैजयंतानं प्रश्न वाचला. अण्णा ताठ बसून म्हणाले, "आमची वैजू रोज जाते वाचनालयात. लिही."

तिचं पेन थांबलं. "अण्णा, मी तर एकदाही..."

"लिही म्हणतो ना! परक्यांपुढे गावाची शोभा करायचीय का?"

अगं बाई! बाकीच्या घरांचं तिला ठाऊक नव्हतं, पण ही मुलगी तर तिच्या ओळखीची होती. तसंच लिहावं तर ते धडधडीत खोटं. खरं लिहावं तर बापाची मान खाली जाणार, आणि चाळीसच्या चाळीस फॉर्म फुकट म्हणून आपलं विद्यापीठही हुकणार. तिला रडू फुटलं. मग डोळे पुसून तिनं अण्णांचं उत्तर जसंच्या तसं लिहिलं आणि त्याखाली आणखी लिहिलं: "ती मुलगी मीच. मी कधी गेले नाही. दाराला कुलूप आहे, किल्ली आमच्या घरी आहे. बाकीच्या एकोणचाळीस उत्तरांचं मला काही कळलं नाही."

गठ्ठा पोचला, आणि चौथ्या दिवशी नलावडे मॅडम स्वतः एस.टी.नं गावात उतरल्या. त्या थेट वैजयंताच्या दारी आल्या.

मॅडमनी एवढंच विचारलं, "लोक खोटं का बोलले असतील?"

"खोटं नाही हो मॅडम," ती कळवळून म्हणाली, "दारी आलेल्याला आमच्याकडे नाही म्हणवत नाही कुणाला."

मॅडम म्हणाल्या, "चल, वाचनालय दाखव."

बघता बघता गाव जमलं. शेळी सोडली, कुरडया उचलल्या. अण्णा किल्ली घेऊन आले. कुलपाला लावली, पण ती आत जाईना. सात वर्षांचं हळदकुंकू तिच्या दात्यांत घट्ट बसलं होतं. अण्णांनी नखानं खरवडलं, फुंकर मारली, पुन्हा लावली. छे! सगळ्या गावासमोर त्यांचे कान लालबुंद झाले. वैजयंताला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

शेवटी अण्णांनी धोंडा उचलला आणि चार घावांत कुलूप तोडलं. दार कुरकुरत उघडलं. आत धुळीची कपाटं आणि सात वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.

मॅडमनी हलकेच विचारलं, "इथे वाचायला कोण येतं?"

या खेपेला कुणी चहाचंही विचारलं नाही. अण्णांनी लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुणीच येत नाही. आणि त्याचा दोष माझा. लिही वैजू."

वैजयंतानं लिहिलं. इतक्या दिवसांत तिला कळलेलं हे पहिलं उत्तर होतं.

दोन दिवसांनी ती भरलेली पिशवी घेऊन विद्यापीठात गेली. इकडे अण्णांनी दाराला नवं कुलूप आणलं आणि त्याची किल्ली सुगंधाकाकूंकडे दिली, कारण त्यांच्या घरी देवघराजवळ खुंटीच नव्हती.

तात्पर्य: जे कळलं नाही ते ‘कळलं नाही’ असंच सांगावं, त्यात कमीपणा नाही. शोभेसाठी दिलेल्या होकारानं दार बंदच राहतं, आणि नुसत्या पूजेनं किल्लीसुद्धा निकामी होते.