बुधाजी आणि न ओळखणारी नदी

सह्याद्रीच्या माथ्याखाली एक गाव होते. गावाला वळसा घालून नदी वाहत असे आणि नदीवर पूल नव्हता. बाजार, दवाखाना, सोयरेधायरे, सगळे पलीकडे. पलीकडे जायचे ते उथळ उतारावरून, पाण्यात पाय घालून. पाय कधी घालायचा आणि कधी नाही, हे सांगणारा माणूस गावात एकच होता. त्याचे नाव बुधाजी.

बुधाजीचा जन्म त्या काठावर गेला होता. पाण्याचा रंग, फेसाची जात, बिळे सोडून वर चढणारे खेकडे, एवढे बघून तो सांगे, "जा," किंवा "थांबा." त्याचा शब्द चुकत नसे. सुगी झाली की घरोघरचे भात त्याच्या कणगीत येऊन पडे. गावचे पाटीलसुद्धा त्याला बुधाबाबा म्हणत.

पुढे नदीचे काहीतरी बिनसले.

आषाढात दिवसचे दिवस रिपरिपणारा पाऊस येईनासा झाला. आभाळ कोरडे राही आणि मग एखाद्या दुपारी सगळे एकदम ओतून मोकळे होई. जी नदी होळीपर्यंत खळखळायची, तिची पौषातच डबकी होऊ लागली. आणि दिवाळी उलटल्यावर, लहान पोरानेही उतार ओलांडावा अशा दिवसांत, डोक्यावर लख्ख ऊन असताना लोंढा येऊ लागला. कधी खेकडे वर चढत आणि पाणी येतच नसे. कधी पाणी येई आणि खेकडे बिळात निवांत असत.

बुधाजी गोंधळून गेला. तो काठावर बसून राही आणि नदीकडे बघे. जन्माची ओळख असलेल्या माणसाने समोरून जाताना ओळख दाखवू नये, तसे त्याला होई. पण हे तो कोणाला बोलला नाही. कोणी विचारले की पूर्वीसारखेच डोळे बारीक करी आणि मनाला येईल ते सांगे. बरेचदा ते खरे ठरे.

एका कार्तिकात ते ठरले नाही. बुधाजी "जा" म्हणाला म्हणून गावातल्या म्हादूने बैलजोडी पाण्यात घातली, आणि ऐन मध्यावर लोंढा आला. म्हादूच्या हाती काठच्या करंजाच्या झाडाचे मूळ लागले, तो वाचला. बैल गेले. गाव म्हणाले, जनावरांचे आयुष्यच तेवढे होते. बुधाजीनेही मान डोलावली. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. बायकोने, ठमाबाईने, काय होतेय म्हणून विचारले, तर पोट बरे नाही म्हणून त्याने सांगितले.

पुढच्या मार्गशीर्षात पाटलांच्या लेकीचे लग्न निघाले. नवरदेवाचे गाव पलीकडचे, मुहूर्त दुपारचा. सकाळीच सारे वऱ्हाड नटूनथटून उतारावर आले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पाणी जेमतेम घोट्याइतके होते.

पाटलांनी विचारले, "बुधाबाबा, सोडायचं का वऱ्हाड?"

बुधाजीने पाणी पाहिले, फेस पाहिला, खेकड्यांची बिळे पाहिली. सगळे जा म्हणत होते. पण म्हादूच्या दिवशीही सगळे जा म्हणत होते. आता "जा" म्हणावे आणि सारे सुखरूप गेले तर मान राहणार होता. बुडाले, तर नशिबाकडे बोट दाखवायला गाव होतेच. बुधाजीने तोंड उघडले आणि त्याच्या तोंडून निघाले, "पाटील, मला कळत नाही."

वाजंत्री वाजवता वाजवता थांबले.

"कळत नाही म्हणजे?" पाटील कडाडले. "मग आजवर काय सांगत होतास?"

"आजवर नदी जशी वागायची तसं सांगत होतो. आता ती तशी वागत नाही. पाणी वरून येतं. वरच्या वाडीला जाऊन विचारून येतो, तोवर थांबा."

लोक चिडले. कोणी म्हणाले म्हातारा बिथरला, कोणी म्हणाले याला फुकटचे भात चारले. पाटलांनी वऱ्हाडाला चला म्हणून हात केला. तेव्हा पाटलीणबाई पुढे झाल्या.

"अहो, कळतं म्हणणाऱ्याचं ऐकून बैल पाण्यात गेले, ते परत आले नाहीत. माझी लेक आज कळत नाही म्हणणाऱ्याचं ऐकेल."

वऱ्हाड थांबले. बुधाजी धापा टाकत डोंगर चढला. नदी जिथे उगम पावते तिथे ठाकरांची वाडी होती. गावाचे आणि वाडीचे चराईवरून फारसे पटत नसे, त्यामुळे बुधाजी तिथे कधी गेला नव्हता. वाडीची कारभारीण चांगुणा त्याला बघून उठलीच.

"बरं झालं आलात, बाबा. आम्हीच खाली येणार होतो. तुम्ही नदीचे जाणकार. ती अशी का करतेय?"

उत्तर मिळेल म्हणून बुधाजी चढून आला होता, आणि इथे सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते.

मग दोघे बोलत बसली. चांगुणाने सांगितले की डोंगर भिजवणारे धुके आता येत नाही. ऊन वाढले, हवा फिरली. पाऊस मुरायला थांबत नाही, आला की घसरून जातो, म्हणून झरे लवकर आटतात. आणि ढग अवेळी माथ्यामागे येऊन बसतो. आजही बसला होता. काळाकुट्ट. गावातून तो दिसत नव्हता. तो फुटेल की निघून जाईल, हे तिला सांगता येईना.

बुधाजीने खाली येऊन जसेच्या तसे सांगितले. वऱ्हाड उन्हात ताटकळले. मुहूर्त टळला. आणि ढग फुटलाच नाही. तिसऱ्या प्रहरी चांगुणाचा माणूस येऊन आभाळ निवळले म्हणून सांगून गेला. घोटाभर पाण्यातून वऱ्हाड पार झाले, लग्न गोरज मुहूर्तावर लागले. पुढे कितीतरी दिवस पोरेटोरेही बुधाजीला बघून हसत. आपण वऱ्हाड वाचवले की उगीच अडवले, हे त्याचे त्यालाही कळेना.

तरी तो वाडीवर जात राहिला. पाटलीणबाईंनी चराईचे भांडण मिटवायला लावले. ठरले असे, की माथ्यावर ढग फुटला की वाडीने कड्यावर ढोल बडवायचा.

पुढच्या कार्तिकात, बाजाराच्या दिवशी, अर्धे गाव पाण्यात असताना ढोल वाजला. ऊन पडलेले होते. कोणाचा विश्वास बसेना. बुधाजी काठावरून ओरडत सुटला, तशी माणसे मागे फिरली. एका म्हातारीला त्याने हाताला धरून बाहेर ओढले, आणि मागोमाग गढूळ पाण्याची भिंत ओंडके घेऊन आली.

पाणी ओसरल्यावर पाटील त्याच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "बुधाबाबा, आता तरी कळली ना नदी?"

"नाही, पाटील," बुधाजी म्हणाला. "पण आता तिच्याकडे बघणारा मी एकटा नाही."

तात्पर्य: काळ बदलला की जन्माची ओळखही खोटी ठरू शकते. अशा वेळी खोटी खात्री माणसे बुडवते. "मला कळत नाही" असे खरे बोलून दुसऱ्याला विचारायला जाणारा माणसे तारतो.