नाव घेऊन मारलेली हाक

फार जुनी गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते. पाणी कमी असेल तिथून माणसं पायीच नदी ओलांडायची, आणि पलीकडच्या गावात कुणाच्या घरी काय शिजतंय हेसुद्धा अलीकडच्यांना ठाऊक असायचं.

अशाच एका नदीकाठच्या गावात हैबती नावाचा धिप्पाड कुंभार राहायचा. मनाने लोण्याहून मऊ. एकदा सकाळी तो नदीवर एकटाच असताना कुणाचंसं वासरू पुरात वाहून चाललेलं त्याला दिसलं. मागचापुढचा विचार न करता त्याने उडी घेतली आणि वासरू काठाला आणलं.

त्याच गावात येसू नावाची बाई होती. जिभेने तिखट. लोक काय म्हणतील याची तिने कधी पर्वा केली नाही, म्हणून लोकही तिच्यापासून चार हात लांबच राहत.

एका बाजारच्या दिवशी बांगड्या विकणारा म्हातारा कासार नदी ओलांडताना वाट चुकला आणि कमरेपर्यंत गाळात रुतला.

"अरे, कुणीतरी या रे," तो विनवू लागला.

काठावर चाळीसेक माणसं होती. हैबतीही होता, त्याच्या शेजारी कोंडाजी होता. प्रत्येकाने शेजारच्याकडे पाहिलं. शेजारचा उभा, म्हणून हाही उभा. बघता बघता गाळ म्हाताऱ्याच्या छातीला लागला.

तेवढ्यात येसू आली. तिने कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. जवळच्या बैलगाडीचा दोर सोडून ती चिखलात शिरली आणि मागे वळून म्हणाली, "हैबती, तू दोर धर. कोंडाजी, तू फळी आण."

नाव कानावर पडताच दोघं धावले. मग सगळेच धावले. म्हातारा वाचला, पण त्याचा एक पाय कायमचा अधू झाला.

संध्याकाळी हैबती मान खाली घालून येसूच्या दारी आला. "वहिनी, वासरासाठी पुरात उडी घेणारा मीच ना? मग आज माझे पाय का हलले नाहीत?"

"त्या दिवशी तू एकटा होतास," येसू म्हणाली. "आज चाळीस जण होते. तुला वाटलं, कुणीतरी जाईल. त्या कुणीतरीला हातपाय नसतात, बाबा."

पुढे म्हातारा होता तोवर दर बाजाराला हैबतीने त्याच्या बांगड्यांचं ओझं वाहिलं. आणि गावात रीतच पडली. अडलेला माणूस नाव घेऊन हाक मारी, आणि ज्याचं नाव, तो हातातलं काम टाकून येई. जुनी माणसं सांगत, त्या काठावर दिवसभर एकमेकांची नावंच ऐकू यायची. ऐकून बरं वाटायचं.

तात्पर्य: गर्दीत भला माणूसही थिजतो, म्हणून आपलं नाव कुणी घेण्याआधीच पुढे व्हावं.